शॅलो आणि रिटेन्ड

आज दिवसभर एकाच हीप डंपच्या मागे होते (हीप म्हणजे प्रोग्रॅमचे ऑब्जेक्ट जिथे राहतात ती मेमरी, डंप म्हणजे तिची त्या क्षणीची प्रत). सर्व्हर दर दोन दिवसांनी 'आउट ऑफ मेमरी' म्हणत बंद पडत होता. एक्लिप्स मेमरी अ‍ॅनालायझरमध्ये (असे डंप तपासायचं साधन) डंप उघडला, हिस्टोग्राम, म्हणजे कुठल्या प्रकारचे ऑब्जेक्ट किती आणि किती जागा घेतात याचा तक्ता, सीएसव्हीत एक्सपोर्ट केला आणि रिटेन्ड हीपच्या रकान्याची बेरीज मारली. बेरीज अख्ख्या हीपपेक्षा मोठी!

तासाभराने उलगडा झाला. शॅलो म्हणजे ऑब्जेक्टची स्वतःची जागा. रिटेन्ड म्हणजे तो गेला तर त्याच्यासोबत जेवढी जागा मोकळी होईल ती सगळी. मॅपच्या (किल्ली आणि मूल्य अशा जोड्या ठेवणाऱ्या ऑब्जेक्टच्या) आकड्यात त्याच्या नोंदी येतात, नोंदींच्या आकड्यात त्यांच्या स्ट्रिंग. तीच जागा पुन्हा पुन्हा मोजली जाते. बेरीज करायचीच तर शॅलोची.

मग डॉमिनेटर ट्री उघडला, म्हणजे कोणता ऑब्जेक्ट कोणाला मेमरीत धरून ठेवतो त्याचा वृक्ष. सगळ्यात वर एक साधा स्टॅटिक (प्रोग्रॅम चालू असेपर्यंत टिकणारा) हॅशमॅप. तिथून जीसी रूटपर्यंतची, म्हणजे मेमरी साफ करणारा गार्बेज कलेक्टर ज्यांना जिवंत धरतो तिथपर्यंतची, वाट काढली (ऑब्जेक्टला पक्कं धरून न ठेवणारे वीक आणि सॉफ्ट रेफरन्स वगळून, नाहीतर माणूस भलतीकडेच जातो). सेशन संपल्यावर त्या मॅपमधली नोंद काढून टाकणारी ओळच कोडमध्ये नव्हती. संध्याकाळी ती लिहिली, तेव्हा खरंच हायसं वाटलं.

टीममधल्या नव्या मुलांना एक्सपोर्ट शिकवण्याआधी हे दोन रकाने नीट समजावणार आहे. उद्या नवा डंप घेऊन जुन्याशी ताडून बघायचा.