थंड इंजिनाची टिकटिक: गिअरबॉक्स उतरवण्याआधी केलेली मोजणी

गाडी 4 सिलिंडरची पेट्रोल, इंजिन आडवं, 6 गिअरची टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाचा जोर तेलातून गिअरबॉक्सला देणारी जोडणी) ऑटोमॅटिक. रात्रभर उभी राहिली की सकाळी सुरू करताच बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाच्या) बाजूने टिकटिक यायची आणि सात-आठ मिनिटांत थांबायची. गॅरेजचं निदान होतं: फ्लेक्सप्लेटला (इंजिनाला कन्व्हर्टरशी जोडणाऱ्या पातळ चकतीला) तडा, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. आधार एवढाच, की लांब स्क्रूड्रायव्हर कानाला लावून बेल हाउसिंगवर टेकवला तर आवाज तिथेच सगळ्यात मोठा. पण बेल हाउसिंग म्हणजे ब्लॉकला घट्ट जोडलेला पातळ ॲल्युमिनियमचा पोकळ डबा. इंजिनावरची कुठलीही टकटक तो ढोलकीसारखी वाजवून दाखवतो.

गिअरबॉक्सचं तेल (एटीएफ) पाहून घेतलं, पण फार आशा न ठेवता. एटीएफ कमी असेल तर गिअर उशिरा पडतो, गिअरबॉक्सचा तेलपंप कण्हतो. अशी ठेक्यातली टिकटिक येत नाही. पातळी बघायची ती इंजिन चालू ठेवून, मॅन्युअलमध्ये दिलेल्या तापमानाला (बऱ्याच गिअरबॉक्सना 35 ते 45 अंशांच्या आसपास). थंड तेलावर पातळी कमीच दिसते, आणि मग लोक उगाच जास्त भरतात. इथे तेल बरोबर होतं, जळका वास नव्हता.

पहिली खरी चाचणी फुकटची. थंड इंजिन, हँडब्रेक ओढलेला, ब्रेक पेडल पूर्ण दाबलेलं, पी (पार्क) मधून डी (ड्राइव्ह) मध्ये. पी मध्ये कन्व्हर्टरचं टर्बाइन (गिअरबॉक्सकडचं चक्र) आणि इनपुट शाफ्ट जवळजवळ इंजिनाच्या वेगाने फिरत असतात. डी मध्ये गाडी उभी, म्हणजे टर्बाइनही उभं आणि आतले गिअर स्तब्ध. फिरत राहतात ते फक्त फ्लेक्सप्लेट, कन्व्हर्टरचं कवच आणि पंप. आवाज चालूच राहिला, म्हणजे गिअर आणि त्यांची बेअरिंग संशयातून सुटली. डी टाकल्यावर आरपीएम थोडा पडतो आणि टिकटिक संथ होते. त्याला "आवाज बदलला" समजू नये.

दुसरी चाचणी मोजणीची, आणि निकाल तिनेच दिला. ओबीडी डोंगलवर (गाडीच्या निदान सॉकेटला लावायचं यंत्र) आरपीएम बघत फोनवर 10 सेकंद आवाज रेकॉर्ड केला, ऑडेसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला आणि उंच टोकं मोजली. 1260 आरपीएम म्हणजे सेकंदाला 21 फेरे. फ्लेक्सप्लेटचा तडा, सैल कन्व्हर्टर बोल्ट किंवा पंप वाजत असता तर फेऱ्याला निदान एक ठोका, म्हणजे 21. मोजले तर साडेदहा! क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) दोन फेऱ्यांना एक ठोका हा कॅमशाफ्टचा (झडपा उघडणाऱ्या दांड्याचा) किंवा एकाच सिलिंडरचा ठेका. फ्लेक्सप्लेटपासून पंपापर्यंत त्या वेगाने फिरणारं काहीच नाही. चारही इंजेक्टरची (पेट्रोल फवारणाऱ्या नळांची) मिळून टिकटिक तर 42 झाली असती.

उरले दोन संशयित: टॅपेट (झडप ढकलणारा भाग) किंवा एक्झॉस्टची गळती. एकेका इंजेक्टरचं कनेक्टर काही सेकंद काढून पाहिलं. इग्निशन कॉइलचं (ठिणगी देणाऱ्या भागाचं) काढू नये, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं. चेक इंजिनचा दिवा लागतो, तो नंतर स्कॅनरने घालवावा. 4 नंबरचं काढताच टिकटिक अगदी मऊ झाली. टॅपेट असतं तर तसंच वाजत राहिलं असतं, कारण त्याला पेट्रोल जळलं काय नि न जळलं काय, सारखंच. मग मेकॅनिकच्या स्टेथोस्कोपची सळई काढून तिथे हातभर रबरी नळी लावली आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (सिलिंडरमधला धूर गोळा करणाऱ्या नळ्यांच्या) कडेने फिरवली. सळई धातूचा ठोका ऐकवते, नळी हवेचा फुसका. पुली, पंखे, तापलेला पत्रा यांच्यापासून हात आणि नळी दूरच ठेवायची.

हीट शील्ड (उष्णता अडवणारा पत्रा) काढल्यावर 4 नंबरच्या फ्लँजवर (मॅनिफोल्डच्या जोडाच्या सपाट कडेवर) काजळीचा पंखा उमटलेला, कडेचा 8 मिमीचा स्टड (बिनडोक्याचा बोल्ट) तुटलेला. बहुतेक आडव्या इंजिनांत 4 नंबर गिअरबॉक्सला लागूनच असतो, म्हणून आवाज तिकडचा वाटला. मॅनिफोल्ड तापून लांबीत वाढतो, ओढ टोकांना सर्वाधिक बसते, त्यामुळे बहुधा कडेचेच स्टड जातात. गरम झाल्यावर धातू फुगून फट मिटते, म्हणून टिकटिक फक्त इंजिन थंड असताना.

तुटका स्टड पृष्ठभागाशी सपाट होता. रात्रभर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं, मग त्यावर नट वेल्ड करून वळवला. उष्णतेनेच अर्धं काम होतं. ड्रिल हा शेवटचा उपाय; सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचं, बिट मऊ बाजूला घसरतं. फ्लँज सरळ पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तपासला, बाक मर्यादेत होता. बाक जास्त असता तर नवं पॅकिंगही टिकलं नसतं. नवं स्टीलचं पॅकिंग, सगळे स्टड आणि नट नवे, मधून बाहेर कसत तीन फेऱ्यांत मॅन्युअलच्या टॉर्कवर. हीट शील्डचा एकही बोल्ट विसरू नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी पत्र्याची झणझण सुरू होते आणि शोध पुन्हा पहिल्यापासून.