मागचं डावं चाक

परवा एका ओळखीच्यांचा फोन आला. नातवाचा वाढदिवस आहे, हर्बी आणाल का, आणि "तो आपोआप चालण्याचा आयटम" कराल का? बघतो म्हणालो.

भवानी पेठेत माझं गॅरेज. बारा वर्षं शेडमध्ये धूळ खात पडलेली 1965 ची फोक्सवॅगन बीटल मी घेतली आणि तिचा हर्बी केला. हर्बी म्हणजे 'द लव्ह बग' या सिनेमातली, आपल्या मर्जीनं चालणारी बीटल. 1968 च्या त्या सिनेमातली गाडी 1963 ची, कापडी छताची. माझीचं छत पत्र्याचं, जाणकार तिथेच नाक मुरडतात. खरा जीव खाल्ला तो रंगानं. फोक्सवॅगनचा जुना 'पर्ल व्हाइट' म्हणजे साधा, मळकटसर पांढरा. त्यात मोत्याची चमक अजिबात नसते. आमच्या पेंटरनं नाव ऐकलं आणि चमक मारून मोकळा! गाडी वरातीतल्या घोडीसारखी दिसायला लागली. दोनदा खरवडून तिसऱ्यांदा रंग बसला. हर्बीच्या अंगावरचा 53 हा आकडा मुळात डॉन ड्राइसडेल या बेसबॉलपटूच्या जर्सीवरचा. पुण्यात निम्म्या लोकांना ते माझं वय वाटतं.

नंबरप्लेट पांढरी, त्यामुळे भाडं घेत नाही. पेट्रोल टाकून द्या म्हणतो. तेही लोक विसरतात.

तो 'आयटम' झाला त्या रविवारी एका वाढदिवसाला सहकारनगरात, तळजईच्या बाजूच्या उतारावरच्या एका सोसायटीत होतो. गाडी लावताना पहिला गिअर, हँडब्रेक आणि चाकाला वीट. गॅरेजमधल्या पोरांना मी हे इतक्यांदा सांगितलंय की ते माझी नक्कल करतात. फोटोग्राफर म्हणाला, "काका, वीट फ्रेममध्ये येतेय." काढली. या लोकांना जगात फक्त फ्रेम दिसते. मग बर्थडे बॉय स्टिअरिंगवर बसला, गिअरशी खेळला, उतरला. गिअर न्यूट्रलला आलाय हे मी बघितलं नाही.

केक कापायची हाक आली, सगळे वळले आणि गाडी निघाली.

आवाज नाही, काही नाही. दहा-बारा फूट गेली आणि कुंड्यांच्या कट्ट्याला टेकून थांबली. पोरांनी एकच गिल्ला केला, "हर्बी! हर्बी!" टाळ्या. त्याच कट्ट्यावर मिनिटापूर्वी चार पोरं बसली होती, केकसाठी उठून गेली होती.

यजमान धावत आले. "भारीच की! रिमोट बसवलाय?"

मी म्हणालो, "हो."

सिनेमातसुद्धा गाडी आपोआप चालत नव्हती. मागच्या बाजूला दडलेला ड्रायव्हर ती चालवायचा. माझ्या गाडीत कोणीच नव्हतं.

यजमानांचे वडील एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून रिटायर झालेले. ते कट्ट्यापाशी वाकले, मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला बोट लावलं, वास घेतला. "गिअर ऑइल आहे," एवढंच बोलले आणि केक खायला गेले.

रात्री नऊला गॅरेज उघडलं. मागच्या ब्रेक-ड्रमचा नट छत्तीस मिलिमीटरचा, पान्याला हातभर पाइप लावल्याशिवाय हलत नाही. ड्रम निघाला. तेल ब्रेककडे येऊ न देणारं एक्सलचं ऑइल सील गेलेलं, ड्रमला आतून घासून चाक धरणारे ब्रेकचे लायनर तेलानं चिंब. हँडब्रेकच्या तारा दोन, एकेका चाकाला एकेक. तारा मी नीट ताणलेल्या होत्या. त्याचा काय उपयोग? तेलकट लायनर ड्रम धरणार कसा! उजवं चाक एकटं किती तग धरणार?

खरं सांगायचं तर गुरुवारीच त्या चाकाशी वास आला होता. गिअर ऑइलचा तो गंधकासारखा वास गिऱ्हाइकाच्या गाडीला मी दहा फुटांवरून ओळखतो. म्हटलं सोमवारी खोलू, रविवारी मिरवायची आहे.

नवं सील बसवलं, लायनर बदलले. आजोबांना एकदा फोन करायचा होता, अजून केलेला नाही. यजमानांना रिमोटचं खरं काय ते सांगितलेलं नाही. आणि परवाच्या त्या फोनला "बघतो" म्हणालो, "नाही" नाही म्हणालो.