तीस अंश, पण कशापासून?

सेफ्टी रेझरने, म्हणजे ज्यात दोन धारांचे सुटे ब्लेड बसवतात त्या रेझरने, दाढी करायला शिकताना ब्लेड बसवणे, ब्रशने फेस काढणे, केसांची दिशा ओळखणे हे सारे पहिल्या दोन-तीन दिवसांतच जमले. अडले ते ‘ब्लेडचा कोन तीस अंशांचा ठेवावा’ या एका वाक्यापाशी. हे वाक्य जो तो सांगतो. तीस अंश कोणत्या दोन गोष्टींमधले, हे सांगायचे मात्र राहून जाते, आणि त्या राहून गेलेल्या तपशिलापायी माझी मान तीन आठवडे लाल होती.

आरशात आपल्याला दिसतो तो रेझरचा दांडा. ब्लेड टोपीखाली, म्हणजे रेझरच्या डोक्यावरच्या झाकणाखाली, झाकलेले असते आणि वरून फेस असतो. त्यामुळे मी दांडाच गालाशी तीस अंशांत धरला. एकदा तर मुलाच्या कंपासपेटीतला कोनमापक गालाला लावून पाहिला, त्याची आठवण घरात अजून काढली जाते. दांडा असा गालाकडे झुकला की ब्लेड त्वचेवर नको तितके उभे राहते, आणि असे ब्लेड केस कापण्याऐवजी कातडी खरवडते. खरखर ऐकू येत होती, तुरटी लावली की डोळ्यांत पाणी येत होते, तरी मी धारेलाच दोष देत राहिलो आणि ब्लेडची दोन पाकिटे बदलली.

चूक उमगली ती रेझर धुऊन बाजूने उजेडात धरल्यावर. जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीचे ते पाते टोपी आणि खालचा भाग यांच्यामध्ये कमानीसारखे वाकवून आवळलेले असते. म्हणजे ते दांड्याला साधारण आडवे असते आणि धारेकडे किंचित खाली उतरते. दांडा गालाशी काटकोनात धरला तर त्वचेला नुसती टोपी लागते. तिथून दांडा हळूहळू खाली आणत गेले की एका जागी धार टेकते, केस कापल्याचा बारीक आवाज येतो, आणि तिथेच थांबायचे असते. त्या वेळी दांडा त्वचेपासून साठ अंशांच्या आसपास असतो; तीस अंश असतात ते ब्लेड आणि त्वचा यांच्यात. एवढे एक वाक्य कुणी आधी सांगितले असते तर! रेझरागणिक डोक्याची घडण वेगळी असल्याने हा आकडाही थोडा मागेपुढे होतो, म्हणून मी आता त्याच्याकडे पाहतच नाही. टोपी टेकवतो आणि आवाज येईपर्यंत दांडा उतरवतो. नळ मात्र बंद ठेवावा लागतो, नाहीतर तो आवाज ऐकूच येत नाही.

गाल एका दिवसात सुधारले, जबड्याने आणखी आठवडा घेतला. गालावर साधलेला कोन मनगट ताठ ठेवून तसाच खाली नेला की जबड्याच्या कडेला त्वचा आत वळते, धार उचलली जाते आणि टोपीच घसरत राहते. केस निघत नाहीत म्हणून मी दाबत असे, आणि दाबले की रक्त. आधीच्या कार्ट्रिजच्या रेझरचे (ज्यात पात्यांसकट आख्खे डोकेच बदलतात) डोके आपले आपण वळत असल्याने माझ्या मनगटाला ही सवयच नव्हती. आता तिथे दोन सेंटिमीटरहून लांब फटका मारत नाही, प्रत्येक फटक्यापूर्वी कोन नव्याने शोधतो, आणि दांडा टोकाशी सैल धरून रेझरच्या वजनावरच काम सोडतो.

खरे तर सगळ्यात आधी सांगायला हवे होते की, ब्लेड दोन्ही बाजूंनी सारखे बाहेर आले आहे का, हे दांडा आवळल्यावर पाहून घ्यावे. तिरके बसलेले ब्लेड एका बाजूने चावते, दुसऱ्या बाजूने कापतच नाही, आणि मग कोणताही कोन बरोबर वाटत नाही. माझे दोन दिवस त्यातही गेले. आता दाढी विनातक्रार होते; फक्त हनुवटीखाली डावीकडच्या खळग्यात तो बारीक आवाज अजूनही पहिल्या फटक्याला येत नाही.