‘टॉकीज’ स्टॉपवर टॉकीज कुठं आहे?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. हा प्रश्न मला वर्षातून दहाएक वेळा तरी येतो, कधी बदलून आलेले नवीन गुरुजी विचारतात, कधी बँकेतले साहेब, अन् परवा तर सोयरीक पाहायला आलेल्या पाहुण्यांनी चहा पिता पिता विचारलं, की काहो, आम्ही यवतमाळवरून एसटीनं आलो, कंडक्टर म्हणे टॉकीजवाले उतरा, उतरलो तर समोर कृषी केंद्र अन् प्लॉटचा लेआऊट, मग टॉकीज कुठं आहे? होती, आता नाही, असं मी सांगितलं की पुढचं वाक्य ठरलेलं, टीव्हीनं बंद पाडली असंल.

नाही हो. पूर्ण तसं नाही झालं. त्या टॉकीजवर माझ्या मामाचं घर पंचवीस वर्षं चाललं, म्हणून मला हे नीट सांगावंसं वाटते.

आमची टॉकीज म्हणजे जिनिंगचं, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचं, जुनं गोदाम. टिनाचं छप्पर, समोर थर्डक्लासचे बाक, मागं खुर्च्या, बायांच्या अन् माणसांच्या मधे कंबरेएवढी भिंत. शेजारी जिनिंग चालूच असायची, त्यामुळं रुई हवेत उडत राहायची, अन् मशीनचा उजेड पडद्याकडं निघाला की त्यात रुईचे बारीक तंतू तरंगताना दिसायचे. मला वाटायचं सगळ्याच टॉकीजमधे असंच असते. पहिल्यांदा अमरावतीला मोठ्या टॉकीजमधे गेलो तर उजेडात काहीच उडत नव्हतं, मला ते ओकंबोकं वाटलं.

मामा ऑपरेटर होते. मशीनमधे बल्ब नसायचा, कार्बनच्या दोन कांड्या टोकाला टोक लावलेल्या, मधे जराशी फट, त्यात करंट सोडला की वेल्डिंगसारखा पांढरा उजेड. कांड्या जळत जायच्या तशी फट वाढायची, ती सारखी सांभाळावी लागे, लक्ष हटलं की पडदा पिवळा पडे अन् खालून शिट्ट्या. जळून उरलेले तुकडे आम्ही पोट्टे वेचून न्यायचो अन् शाळेच्या भिंतीवर रेघोट्या मारायचो. ‘भाच्या, उजेडाकडं पाहू नको, डोये जातीन,’ हे मामाचं वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं असेल.

पेटी अमरावतीवरून यायची, एसटीच्या टपावर. पेटी म्हणजे पिक्चरच्या रिळांचा टिनाचा डबा, एकेक रीळ हजार फुटाचं, चालायचं अकरा मिनिटं, तीन तासाच्या पिक्चरला सोळाएक रिळं. पण आमच्याकडं पेटी पोचेपर्यंत ती अमरावती, अकोला, यवतमाळ अन् किती तालुक्यांची ठिकाणं फिरून आलेली, जागोजाग तुटून जोडलेली. जोडताना थोडी फिल्म कापावीच लागे. मामा हातानं मोजून दाखवायचे, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, ‘एक हात फिलिम म्हणजे एक सेकंद.’ हे मी मोठेपणी हिशोब करून पाहिलं, सेकंदाला चोवीस फ्रेम, फुटात सोळा फ्रेम, म्हणजे दीड फूट, बरोबर एक हात. मामा सातवी शिकलेले. कितीतरी गाण्यांतले शब्द आमच्या गावात गाळूनच म्हणायचे कारण आमच्या प्रिंटमधे ते नव्हतेच. माझी मावशी अजूनही एक गाणं तसंच म्हणते, अन् मला तेच बरोबर वाटते.

आता मुद्द्याचं. ही टॉकीज कापसावर चालायची.

1972 साली सरकारची कापूस एकाधिकार खरेदी आली. म्हणजे शेतकऱ्यानं कापूस व्यापाऱ्याला विकायचा नाही, सरकारी केंद्रावरच न्यायचा. आमचं जिनिंग म्हणजे केंद्र. दिवाळी झाली की पहिला वेचा निघायचा अन् आजूबाजूच्या खेड्यातून बंड्या, म्हणजे बैलगाड्या, सुटायच्या, कापसानं शिगोशिग भरलेल्या, अन् लाईन लागायची ती जिनिंगच्या गेटपासून पार नाल्याच्या पुलापर्यंत. ग्रेडर पाहणार, काटा होणार, मगच बंडी खाली. एक दिवस, दोन दिवस, कधी तीन. बैल सोडलेले, शेकोटी पेटलेली, भाकर-ठेचा खाऊन झालेला, अन् थंडीत रात्रभर करायचं काय? एका बंडीच्या चार माणसांतला एक राखणीला थांबायचा अन् तिघं टॉकीजमधे. दुसऱ्या खेळाला तो एक जायचा. रात्री बारानंतरचा जादा खेळ फक्त बंडीवाल्यांसाठी लागायचा हे मी डोळ्यांनी पाहिलंय. समोर फल्लीदाणे अन् आलूपोंग्याचे ठेले रात्रभर चालू, त्या ठेल्यांवर चार घरं जगायची.

बुधवार तर वेगळाच. बुधवारी बाजार, अन् वेचणीवाल्या बायांचा आठवड्याचा हिशोब बाजाराच्या दिवशी व्हायचा. दुपारी भोंग्यावर भक्तिगीत लागलं की बाया पिशव्या घेऊन आत, भाजीपाला मांडीवर, लेकरू कडेवर. माझी आजी पण जायची, वांगे अन् सांभार, म्हणजे कोथिंबीर, घेऊन. वर्षभर दुसऱ्याच्या धुऱ्यावर वाकून काम करणाऱ्या बाईला तीन तास कोणी उठ म्हणत नाही अशी गावात ती एकच जागा होती, हे तिनंच मला सांगितलं होतं.

मग टीव्ही. आला, खरं आहे. 1987 मधे रविवारी सकाळी रामायण लागलं तेव्हा ग्रामपंचायतीसमोर अख्खं गाव बसायचं, पुढं व्हिडिओवाले आले, मग केबल. त्यानं उन्हाळ्याचे अन् पावसाळ्याचे खेळ पडले. पण मामा सांगतात की हंगामात तेव्हाही हाऊसफुल व्हायचं, कारण बंडीवाल्याजवळ टीव्ही कुठं होता लाईनीत?

खरं बिघडलं ते पुढं, नव्वदीत. सोयाबीन आलं. सोयाबीन दसऱ्या-दिवाळीला एकदाच निघते, मॅटाडोरमधे पोते टाकले, बाजार समितीत नेले, संध्याकाळी माणूस घरी. वेचे नाहीत, रात्रीची लाईन नाही, शेकोटी नाही. कापूस होता पण कमी झाला, तोही ट्रॅक्टरनं यायला लागला, अन् एकाधिकार मोडत मोडत संपला तसे शेतकरी गावातच व्यापाऱ्याला माप देऊ लागले. टॉकीजचा माणूस टीव्हीनं घरात कोंडला नाही, त्याचं गावाला येऊन रात्र काढणंच संपलं.

याला पुरावा पाहायचा असेल तर वैनगंगेकडं झाडीपट्टीत जा. वडसा-देसाईगंजला नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत, धान निघालं की दिवाळीपासून होळीपर्यंत गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या खेड्यांत रातभर नाटकं होतात, लोकं तिकीट काढून बसतात, पाहुण्यांना आवर्जून बोलावतात. तिथं काय मोबाईल नाही का? आहे. पण हंगामाचा पैसा अन् एकत्र जमायची रात्र, दोन्ही तिथं शिल्लक आहे. मला त्या लोकांचा हेवा वाटते, खरंच.

आमच्याकडं शेवटी शेवटी आठवड्यातून दोनच दिवस खेळ, मग एका पावसाळ्यात पुढची टिनं उडाली ती परत बसवलीच नाही. मशीन भंगारात किलोवर गेली. मामा त्या दिवशी शेतात जाऊन बसले होते, संध्याकाळी आले, जेवले नाही, अन् त्यावर आजपर्यंत आम्ही कोणी बोललो नाही. पुढं जागेवर लेआऊट पडला, कागदावर त्याचं नाव काही वेगळंच आहे पण सगळे टॉकीज लेआऊटच म्हणतात. आता सीसीआयला, म्हणजे केंद्र सरकारच्या कापूस महामंडळाला, कापूस द्यायचा तर मोबाईलवर स्लॉट घ्यावा लागतो.

मामा पंचाहत्तरीच्या पुढं गेले, एसटी फुकट झाली. शेजारच्या खेड्यात लेकीकडं राहतात पण बुधवारी बाजाराला येतातच, काम असो नसो. मागच्या बुधवारी मी त्यांच्यासोबत होतो. कंडक्टरनं शून्य रुपयाचं तिकीट काढायला मशीन हातात घेतली अन् विचारलं, ‘कुठी बाबा?’

‘टॉकीज,’ मामा म्हणाले. ‘दोन द्या. भाचा आहे संगं.’