पोस्टग्रेसचा पॅच आणि नागपूरचा मे महिना

पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसचा वेग वाढवणारा पॅच (कोडमधला बदल) पाठवायचा असेल, तर जुलैची कमिटफेस्ट, म्हणजे आलेले पॅच तपासण्याची ठरावीक फेरी, सोयीची. एप्रिलमध्ये फीचर फ्रीज होऊन, म्हणजे चालू आवृत्तीत नव्या सोयी घेणं बंद होऊन गेलेलं असतं आणि पुढच्या आवृत्तीच्या कमिटफेस्ट जुलैपासून लागतात. म्हणजे मोजमाप मे महिन्यात, आणि तेव्हा नागपुरात पारा 45 अंशांच्या आसपास असतो. लॅपटॉपवर बेंचमार्क (वेगाची चाचणी) सुरू केला की थोड्याच वेळात प्रोसेसर तापतो आणि आपणहून वेग उतरवतो. मग मूळ आणि पॅच लावलेल्या कोडपासून बनवलेल्या दोन प्रोग्रामांपैकी, म्हणजे बिल्डपैकी, जी नंतर चालवली, ती उगाच हळू दिसते. पॅच चांगला असूनही आकडा वाईट येतो.

त्यामुळे मोठ्या फेऱ्या पहाटे लावा. टर्बो (प्रोसेसरची तात्पुरती वेगवाढ) बंद, प्रोसेसरचा वेग ठरवणारा गव्हर्नर 'परफॉर्मन्स'वर, चार्जर लावलेला. क्रम मूळ, पॅच, पॅच, मूळ असा फिरवत न्या आणि मधला आकडा धरा. त्याही आधी मूळ बिल्डची तुलना तिच्याशीच करून पाहा. तिथेच दीड टक्का फरक पडत असेल, तर दोन टक्क्यांच्या दाव्यात दम नाही.

दोन्ही बिल्ड एकाच कंपायलरने, ओ-टू या ऑप्टिमायझेशनच्या पातळीवर करा. कोड लिहिताना कॅसर्ट (चुका पकडणाऱ्या अंतर्गत तपासण्या) चालू हवंच, पण ते चालू असताना घेतलेले आकडे सरळ फेकून द्या.

पीजीबेंच या पोस्टग्रेससोबत येणाऱ्या चाचणीच्या साधनाला स्केल 100 दिलं की खात्यांच्या टेबलात 1 कोटी ओळी भरतात, डेटा साधारण दीड जीबी. शेअर्ड बफर्स, म्हणजे डेटा हाताशी ठेवायची पोस्टग्रेसची मेमरी, मुळात फक्त 128 एमबी असतात. प्रोसेसरवरचं काम मोजायचं असेल तर ते 4 जीबी करा, नाहीतर पानांची (डेटाच्या ठरावीक तुकड्यांची) ने-आणच मोजली जाईल. वाचनाची चाचणी काही मिनिटांत स्थिरावते. लेखनाची गोष्ट वेगळी. चेकपॉइंटनंतर (मेमरीतले बदल डिस्कवर उतरवण्याच्या टप्प्यानंतर) एखादं पान पहिल्यांदा बदललं की 8 केबीचं अख्खं पान वॉलमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत, लिहिलं जातं, त्यामुळे चेकपॉइंट होताच वॉल फुगतो आणि पुढे हळूहळू ओसरतो. चेकपॉइंटची मुदत मुळात 5 मिनिटांची. वॉल भराभर वाढला तर त्याआधीही होतो. एका मिनिटाच्या फेरीत यातला कुठला तुकडा हाती लागेल, याचा नेम नाही. अर्धा तास चालवा आणि दर 10 सेकंदांचा आकडा छापून घ्या.

सगळ्यात जास्त कष्ट घ्यावेत ते आपल्याच पॅचचं नुकसान शोधण्यात. पीजीबेंचचा डेटा फार सरळ, एकसारखा असतो. समजा, पॅच इन्क्रिमेंटल सॉर्टशी संबंधित आहे, म्हणजे एका रकान्यावर आधीच लागलेल्या ओळी गटागटाने पुढच्या रकान्यावर लावण्याशी. ही सोय 13व्या आवृत्तीत आली. नागपूरच्या कळमना बाजारातल्या संत्र्यांच्या आवकेसारखं टेबल बनवा: तारखेवर इंडेक्स, क्वेरीत क्रम तारीख आणि भाव असा, लिमिट 50, म्हणजे पहिल्या 50 ओळीच मागवायच्या. आंबिया बहराच्या ऐन हंगामातल्या एका दिवसाला दोन लाख ओळी टाका, जुलैतल्या दिवसाला पाच. क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा प्लॅनर सगळ्या तारखांचे गट सरासरीने सारखेच धरतो. प्रत्यक्षात क्वेरी नोव्हेंबरच्या दिवशी सुरू झाली, की पहिली ओळ मिळण्याआधी त्या पूर्ण दिवसाच्या ओळी वाचून क्रमाने लावाव्या लागतात. असा विषम डेटा परीक्षक मागतोच. त्याने मागण्याआधी आपणच दाखवला आणि 'इथे चार टक्के तोटा होतो, कारण हे' असं लिहिलं, तर चर्चा लवकर मुद्द्यावर येते.

पॅच तोडून पाठवा. निव्वळ साफसफाई 0001 क्रमांकाच्या फाइलमध्ये, वेगाचा बदल 0002 मध्ये. सोबत टेबल बनवायची स्क्रिप्ट, बदललेल्या सेटिंग्ज, प्रोसेसरचं नाव आणि प्रत्येक फेरीचा आकडा द्या. नुसती सरासरी दिली तर चढउतार झाकले जातात. पर्फ या वेळ कुठे जातो ते दाखवणाऱ्या साधनाचा पॅचआधीचा आणि नंतरचा नमुना जोडा, म्हणजे वेळ कुठल्या फंक्शनमधून वाचला ते दिसेल. आपला पॅच नोंदवला की तेवढ्याच वजनाचा दुसऱ्याचा एक तपासायचा, अशी तिथली अपेक्षा आहे, ती पाळा. तोवर मुख्य शाखा पुढे सरकलेली असते आणि पॅच लागेनासा होतो. मग रीबेस करून, म्हणजे पॅच नव्या कोडवर बसवून, त्याची दुसरी आवृत्ती (व्ही-2) पाठवताना आकडेही नव्याने घ्या, जुने चिकटवू नका.