किलोमीटर एक सांगतात, घड्याळ दुसरंच

2025 च्या जूनमध्ये आमच्या सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून गोव्याचं विमान सुरू झालं आणि तेव्हापासून आमच्या घरात विमानांचाच विषय चालू आहे. भाच्याने मोबाईलवर अंतर काढलं, सरळ रेषेत 300 किमीच्या आसपास, त्या मार्गावरचं एटीआर हे पंख्याचं छोटं विमान ताशी 500 ने उडतं, म्हणजे 36 मिनिटं झाली. लगेच मला विचारतो, "ओ मामा, मग तिकिटावर तासभर का लिहिलाय ओ?"

प्रश्न बरोबरच आहे की. तिकिटावरची वेळ जागेवरून हलल्यापासून ते जागेवर थांबेपर्यंतची असते, त्यात रनवेपर्यंत जाणं, हळूहळू वर चढणं, उतरताना वळसा घेऊन रनवेच्या रेषेत येणं सगळं आलं, आणि पल्ला जेवढा छोटा तेवढा याचा वाटा मोठा.

पण खरी मजा लांबच्या, एकाकी विमानतळांमध्ये आहे. माझं आवडतं उदाहरण म्हणजे पॅसिफिकमधलं ईस्टर आयलंड. तिथल्या मातावेरी विमानतळापासून चिलीचं सँटियागो साधारण 3,750 किमी, आणि सगळ्यात जवळचा दुसरा विमानतळ म्हणजे फ्रेंच पॉलिनेशियातला मंगारेवा, तो पण 2,600 किमी लांब! मधे जवळजवळ सगळं पाणीच. भाच्याच्या पृथ्वीच्या गोलावर आम्ही शिलाईचा दोरा धरला, एक टोक सँटियागोवर आणि एक बेटावर, ढिला होता तोवर कसाही पडत होता, पण ताणल्याबरोबर तो आपोआप थोडा दक्षिणेकडे सरकून बसला. तोच सगळ्यात जवळचा रस्ता, नकाशावर पट्टी ठेवून काढलेली रेघ नाही.

आता वेळ. ताशी 900 ने भागलं तर सव्वाचार तास सुद्धा होत नाहीत. पण त्या पट्ट्यात वरचा वारा बहुतेक पश्चिमेकडून वाहतो, समजा ताशी 100 चा धरला, तर बेटाकडे जाताना जमिनीच्या हिशोबाने विमानाचा वेग 800 आणि परतताना 1000, म्हणजे जाताना 4 तास 41 मिनिटं, येताना पावणेचार तास. अंतर तेच, विमान तेच, आणि जवळजवळ तासाचा फरक नुसत्या हवेने पाडला! मला हे दरवेळी भारी वाटतं.

आणि इंधनाचं गणित तर त्याहून कडक. एरवी उतरता आलं नाही तर शेजारच्या विमानतळावर जातात, इथे शेजारच नाही. म्हणून अशा एकाकी ठिकाणांसाठी पोचल्यावर आणखी साधारण दोन तास उडता येईल एवढं इंधन नेण्याचा आंतरराष्ट्रीय नियम आहे, शिवाय वाटेतला एक पॉईंट आधीच काढून ठेवतात ज्याच्या पुढे गेलं की मागे फिरता येत नाही. तो पॉईंट पण वाऱ्याप्रमाणे रोज सरकतो बरं का.

उलट टोकाला स्कॉटलंडची वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे ही बेटं, अंतर 2.7 किमी, 1967 पासून चालू असलेली ही फ्लाईट दीड-दोन मिनिटांची, विक्रम तर 53 सेकंदांचा. मातावेरीचा रनवे 3.3 किमी आहे, नासाने स्पेस शटल या अवकाशयानाच्या इमर्जन्सी लँडिंगसाठी 1987 मध्ये लांब करून घेतलेला, म्हणजे ही अख्खी फ्लाईट त्या एका रनवेत मावते!

अंतर सांगणाऱ्या बऱ्याच वेबसाईट ठरलेल्या वेगाने भागाकार करून वर थोडी मिनिटं मिळवतात, वारा त्यात नसतो. त्यामुळे गोव्याहून पुढचं विमान पकडायचं असेल तर वेळापत्रकातलीच वेळ धरा, आणि मधे भरपूर वेळ ठेवा.