डिसेंबरात जुनी डिझेल गाडी घेऊन चिखलदरा: सकाळी सेल्फ घेत नसेल तर हे पाहा

नागपूरवरून चिखलदरा साधारण २३० किमी पडतं. वाडी, कोंढाळी, तळेगाव, तिवसा, मोझरी करत अमरावती, तिथवर रोड एक नंबर आहे, पुढं परतवाडा आणि मग धामणगाव गढी-मोथा करत घाट. रस्त्याबद्दल जास्त लिहीत नाही कारण रस्त्याचा काही प्रॉब्लेमच नाही, कोंढाळीच्या आसपास संत्री घ्या, डिझेल परतवाड्यात भरा, झालं. खरा विषय सुरू होतो वर पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी.

आमची गाडी पंधरा वर्षं होऊन पासिंग परत करून घेतलेली डिझेल हॅचबॅक. नागपुरात सकाळी एका सेल्फमध्ये चालू होते, तक्रार नाही. पण नागपूर ३०० मीटरच्या आसपास आणि चिखलदरा ११०० मीटर, त्यामुळे वर चार-पाच अंशांचा फरक सहज पडतो, त्यात रात्रभर गाडी उघड्यावर दवात. सकाळी चावी फिरवली तर घुर्र... घुर्र... अशी कण्हून राहिली होती बिचारी.

आता इथं एक गोष्ट समजून घ्या राजेहो, सगळे थंडीला शिव्या देतात पण बॅटरी थंडीत मरत नाही, ती मे महिन्यातच अर्धी मेलेली असते. आपल्याकडे ४५ अंशांत बॅटरीचं पाणी उडते, प्लेटा खराब होतात, पण उन्हाळ्यात इंजिन ऑइल पातळ असल्यानं सेल्फला जोर लागत नाही म्हणून काही समजत नाही. डिसेंबरात ऑइल घट्ट होते, बॅटरीची ताकद थंडीनं कमी होते, आणि मग उधारी निघते. २९ डिसेंबर २०१८ ला तर खुद्द नागपुरात ३.५ अंश झालं होतं, म्हणजे हे फक्त घाटावरचं दुखणं समजू नका.

तर आधी कान देऊन ऐका, बॉनेट नंतर उघडा. सेल्फ हळू फिरत असेल तर बॅटरी, टर्मिनल, अर्थिंग (बॅटरीच्या मायनसवरून बॉडी-इंजिनला जाणारी वायर) नाहीतर जास्तच जाड ऑइल. नुसतं टक टक वाजत असेल तरी बहुतेक तेच. सेल्फ झटक्यात फिरतो पण इंजिन पकडत नाही आणि मागून पांढरा धूर येतो, तर डिझेलमध्ये हीटर प्लग, म्हणजे चालू करताना इंजिनच्या आत गरमी देणारा प्लग. एवढा फरक समजला तरी मेकॅनिकसमोर अर्धी लढाई जिंकली.

आमचं पहिलं प्रकरण हळू फिरण्याचं होतं. साधा मल्टिमीटर सोबत ठेवाच, त्याच्यासारखा स्वस्त सोबती नाही. उभ्या गाडीत चांगली भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, आमची १२.२ म्हणजे अंदाजे अर्धी. सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली गेली तर बॅटरीवर संशय घ्या, गाडी चालू असताना १३.८ ते १४.४ नसेल तर अल्टरनेटर (चालू गाडीत बॅटरी चार्ज करणारा) पाहा. हॉटेलवरचा जीपवाला भाऊ चांगला निघाला, जंपर, म्हणजे त्याच्या बॅटरीवरून आमच्या बॅटरीला करंट देणाऱ्या केबल, लावून दिलं. लावायचा क्रम पाठ करून ठेवा: लाल आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि शेवटचं टोक आपल्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीवर नाही, कारण तिथं गॅस असतो आणि ठिणगी पडते.

चालू झाल्यावर जीपवाला म्हणे, "दादा, मायनसची वायर कुठं कसली आहे ते पाहा एकदा." पाहिलं तर बॅटरीवर टर्मिनल चकाचक आणि गिअरबॉक्सकडच्या बोल्टखाली सगळा गंज. गाडी बंद करून, मायनस काढून, पॉलिश पेपरनं घासून परत कसलं. टर्मिनलवर पांढरं-हिरवं साचलं असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा टाकून धुवा, पण ते पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका.

त्यानंतरच्या सकाळी सेल्फ मस्त फिरला आणि गाडी तरी चालू होईना, पांढरा धूर. हे दुसरं दुखणं. जुन्या डिझेल इंजिनात थंडीत हीटर प्लगशिवाय जमत नाही. डॅशबोर्डवरचा कॉइलचा, म्हणजे हीटर प्लगचा, दिवा विझू द्यायचा, चावी बंद, परत ऑन, परत विझू द्यायचा, असं दोन-तीनदा करून मग क्लच पूर्ण दाबून सेल्फ. लाइट, ब्लोअर, टेप सगळं बंद. एका वेळी दहा सेकंदांच्या वर मारू नका, मधे अर्धा मिनिट थांबा, नाहीतर सेल्फ जळतो. असं करून पकडली गाडीनं, खोकत खोकत.

परतवाड्यात मेकॅनिकनं मल्टिमीटर लावून दाखवलं, चांगल्या प्लगला एक-दोन ओहमच्या आत रीडिंग येते, आमच्या दोन प्लगला काहीच येईना. एक महत्त्वाचं, प्लग इंजिन गरम असतानाच खोला, थंड इंजिनात जोर लावला की आतच तुटतो आणि मग हेड खोलायचा खर्च.

काही उद्योग करूच नका. हीटर प्लगवाल्या डिझेलमध्ये स्टार्टिंग स्प्रे (चटकन पेटणारा ईथरचा फवारा) मारू नका, इंजिनचे तुकडे होऊ शकतात. ट्रकवाले टँकखाली जाळ करतात ते पाहून प्रयोग नको. डिझेल उन्हाळ्यापासून टँकमध्ये पडून असेल तर निघायच्या आधी संपवून ताजं भरा, कारण हिवाळ्याचं डिझेल जास्त थंडीपर्यंत टिकते, उन्हाळ्याचं लवकर मेणासारखं होते.

रात्री गाडी उताराकडे तोंड करून लावा, चाकाखाली दगड, म्हणजे सकाळी चावी ऑन करून दुसऱ्या गिअरवर धक्का स्टार्ट करता येते. पण हे हॉटेलच्या आवारातल्या छोट्या उतारावरच. घाटात बंद गाडी घरंगळत सोडून चालू करायची हुशारी करू नका, इंजिन बंद असलं की स्टिअरिंग जड होते आणि ब्रेक दोन-तीन दाबांत दगड होतो.

देवी पॉइंट, गाविलगड, भीमकुंड सगळं आरामात होते, कॉफी मिळाली तर घ्या, तिथलीच असते. परत निघताना मोथ्याकडे धुकं असलं तर उन्हं वर येईपर्यंत थांबा. आणि गाडीचं काही काम निघालं तर ते परतवाड्यातच दिवसाउजेडी उरका, पुढं अमरावतीपर्यंत पन्नास किमी आहे.